मीठ फुटलेल्या रानात काय लावायचे, ते मोजून सांगा

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी,
जि. अहिल्यानगर

विषय : सोलापूर जिल्ह्यातील क्षारपड काळ्या जमिनींवर औषधी वनस्पतींच्या चाचण्या घेण्याबाबत

महोदय,

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या कमी पावसाच्या मुलखात पाण्याने जमीन बिघडते, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. त्याने मार्च-एप्रिलमध्ये माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, माढा या तालुक्यांतल्या कालव्याखालच्या रानांतून एक चक्कर मारावी. उसाच्या खोडव्यात मोठमोठी तुटाळ पडलेली असते, सरीच्या माथ्यावर पांढरा थर आलेला असतो आणि सखल कोपऱ्यात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही.

अशा रानाच्या मालकाला गेल्या काही वर्षांत नवा सल्ला मिळू लागला आहे. ऊस येत नाही ना, मग औषधी वनस्पती लावा. कोरफड लावा, शतावरी लावा, अश्वगंधा लावा. “या झाडांना काही लागत नाही, खारवट रानातही येतात,” असे सांगणारा माणूस बहुधा रोपे विकणाराच असतो. हे पत्र त्या सल्ल्याविषयी आहे. विनंती आधीच सांगतो : आपल्या विद्यापीठाने याच जिल्ह्यातल्या क्षारपड काळ्या जमिनीवर निवडक औषधी वनस्पतींच्या काही हंगाम सलग चाचण्या घ्याव्यात, आणि निकाल नुसत्या वजनात न देता औषधी घटकांतही मोजून जाहीर करावेत.

दुखणे जुने आहे. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, निचऱ्याची सोय मात्र राहून गेली. पुढे नीरेचा उजवा कालवा माळशिरसात आला, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, आणि तोच क्रम मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. आमची भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. वर ऊन रणरणते. खाली न गेलेले पाणी वर ओढले जाते, वाफ होऊन उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवून जाते.

पीक क्षार किती सोसते, याचा जगभर वापरला जाणारा तक्ता मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दिला. त्यात मातीच्या अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते; तक्त्याच्या पुढच्या सुधारित रूपात ज्वारीचे ६.८च्या पुढे. म्हणजे क्षार सोसू शकणारी मंगळवेढ्याची ज्वारी सोडून आम्ही क्षार वाढवणारे आणि क्षार न सोसणारे पीक घेतले. ही तक्रार आपल्याकडे करून उपयोग नाही, ती साखर कारखानदारीच्या दारात करायची गोष्ट आहे. मी तक्त्याकडे वळतो ते दुसऱ्या कारणासाठी. त्यात गहू आहे, कापूस आहे, भाजीपाला आहे. अश्वगंधा, शतावरी, तुळस, सोनामुखी नाहीत. ज्या पिकांची क्षार सोसण्याची मर्यादा शेतकऱ्याच्या हाती असलेल्या कुठल्याही तक्त्यात नाही, ती पिके त्याला क्षारपड जमिनीसाठी सुचवली जात आहेत.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे सल्ला देणारा कोणती जमीन खराब आहे तेच विचारत नाही. आपल्याच विस्तार पुस्तिका सांगतात की विद्युतवाहकता ४च्या वर आणि सामू साडेआठच्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. पहिलीला चर आणि गोडे पाणी पुरते, कारण क्षार धुऊन खाली न्यायचे असतात. दुसरीला आधी कॅल्शियम द्यावा लागतो, त्याशिवाय पाणी मुरतच नाही. तरीही गावात जिप्समची गाडी आली की सगळे सारख्याच पिशव्या उतरवून घेतात. नुसत्या क्षारयुक्त रानात जिप्सम टाकणे म्हणजे क्षारांत आणखी एका क्षाराची भर. शिवाय १५ टक्क्यांचा आकडा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने १९५४च्या पुस्तिकेत रूढ केला. विदर्भात पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर झालेले काम सांगते की आपल्या चिकणमातीत सोडियम ५ टक्क्यांच्या पुढे गेला तरी पाणी मुरण्याचा वेग घसरू लागतो. कागदावर जी जमीन चांगली ठरते ती प्रत्यक्षात बिघडायला लागलेली असू शकते.

आमच्या मातीत चुनखडी भरपूर आहे, हे आपले भाग्यच म्हणायचे. चुन्यात कॅल्शियम असतो, पण अडकून पडलेला. गंधक टाकले की मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुन्याचे जिप्सम करून देते. साखर कारखान्याची मळीही या कामाला येते. ज्या उसाने जमीन खराब केली त्याच्याच कारखान्यात तिच्या औषधाचा ढीग पडलेला असतो! धैंचा गाडणे, पाचट न जाळता आच्छादन करणे, खोल चर काढणे, सांगली जिल्ह्यात आपल्या कसबे डिग्रजच्या केंद्राने अभ्यासलेला भूमिगत निचरा, हे सगळे माहीत असलेले उपाय आहेत. औषधी वनस्पतीलाही यातून सूट नाही. आधी निचरा, मग रोप. सोनामुखी कोरडवाहू, खारवट माळावर तग धरते खरी, पण तिच्या मुळाशी चार दिवस पाणी साचले की ती संपली. अश्वगंधेचेही तसेच.

आता झाडाकडे येतो. खारवट मातीत झाडावर दोन घाव पडतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांचे पाणी सुटते. मातीच्या ओलाव्यात मीठ वाढले की मुळांची गत तशीच होते, ओल असूनही झाड तहानेलेले राहते. दुसरा घाव सावकाश बसतो. सोडियम आत शिरतो, पोटॅशियमची जागा घेतो, पानांच्या कडा करपत जातात. झाड स्वस्थ बसत नाही. पेशींत पाणी धरून ठेवायला ते प्रोलीनसारखी द्रव्ये साठवते, इजा आवरायला निराळी रसायने तयार करते. आपण ज्यांना औषधी घटक म्हणतो ती अल्कलॉइड, फिनॉल वगैरे मंडळी बहुतांशी झाडाच्या स्वसंरक्षणाच्या शिबंदीतलीच.

त्यामुळे एक मोहक विधान जन्माला येते : क्षारात वाढवलेली औषधी वनस्पती जास्त गुणकारी असते. यात अर्धे सत्य आहे. सौम्य ताणात पानातल्या किंवा मुळातल्या औषधी घटकाचे शेकडा प्रमाण वाढल्याचे बऱ्याच वनस्पतींत दिसले आहे. पण त्याच वेळी झाड खुजे राहते. टक्का वाढला आणि मूळ निम्मे झाले, तर एकरी हाती येणारा घटक कमीच झाला. व्यापारी वजनावर पैसे देतो, टक्क्यावर नाही, हे धरले तर शेतकऱ्याचा तोटा दुहेरी. ताण किती असला की टक्का आणि वजन यांचा मेळ बसतो, ते प्रत्येक वनस्पतीसाठी आणि प्रत्येक मातीसाठी वेगळे काढावे लागते.

तमिळनाडूतल्या अण्णामलई विद्यापीठाच्या संशोधकांनी सदाफुलीवर असे काम केले आहे. रक्ताच्या कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधे जिच्यापासून मिळतात तीच ही अंगणातली सदाफुली. मिठाच्या ताणातल्या रोपांना कॅल्शियम क्लोराइड दिल्यावर इजेची लक्षणे सौम्य झाल्याचे त्यांनी २००७ मध्ये मांडले. चोपण जमिनीला जिप्सम का, याचेच हे झाडाच्या बाजूने मिळालेले उत्तर आहे : कॅल्शियम मातीही मोकळी करतो आणि मुळाला सोडियम अडवायलाही मदत करतो. अडचण एवढीच की असे बहुतेक प्रयोग कुंड्यांत होतात. कुंडीत मीठ मोजून घालता येते आणि तळाला भोक असते. माझ्या रानाच्या तळाला भोक नाही.

आणखी एक बाब आहे, जिच्याबद्दल रोपवाटिकावाला कधी बोलत नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात प्रत्येक द्रव्याच्या राखेला मर्यादा घातलेली आहे. अश्वगंधेच्या मुळाची एकूण राख ७ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. खारवट रानातल्या झाडात क्षार जास्त, म्हणून राखही जास्त. वर चिकट काळी माती मुळाला लागून राहिली की आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा आकडाही चढतो. माल दिसायला चांगला, प्रयोगशाळेत नापास. उजनीच्या पाण्याची गोष्ट तर निराळीच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवनेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, हे सर्वांना ठाऊक आहे. वनौषधींत शिसे दहा लाखांत १० भाग आणि कॅडमियम ०.३ भागापेक्षा जास्त चालत नाही. आपल्या चाचण्यांत पाण्याचे आणि मालाचे हे विश्लेषण नसेल तर उरलेला अहवाल लिहिण्यात अर्थ नाही.

मग लावायचे काय? काही धागे हाताशी आहेत. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून याच विषयावर काम करते आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र भरूचला आहे. भरूच आमच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण तिथली जमीनही काळी, भारी आणि खारवट आहे. त्या केंद्राने अतिशय खारवट काळ्या जमिनीत पीलू वाढवून दाखवला, आणि खाऱ्या भूजलावर शेपूचे पीक घेता येते का ते तपासले. शेपूचे बी म्हणजे आपला बाळंतशोपा. घरोघरी बाळंतिणीला देतात, अर्कवाल्यांना लागतो, आणि पेरायला-कापायला वेगळे कसब नको. उत्तर प्रदेशात लखनौच्या संस्थांनी तिथल्या उसर, म्हणजे चोपण, जमिनीत कॅमोमाइलची फुले घेतली. कर्नालच्या संस्थेने चोपण जमिनीत इसबगोल, रोशा गवत, वाळा यांच्या चाचण्या केल्या.

यांतले काही आमच्याकडे जसेच्या तसे चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. इसबगोलाचे बी पिकल्यावर एक पाऊस झाला तरी भुसा फुगतो आणि झडतो. फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडे अवकाळी येतो. २०१४ सालची गारपीट कोणी विसरलेले नाही. वाळा पाणथळ आणि खारवट दोन्ही सोसतो, बांधावर उत्तम, पण त्याची मुळे वाळूतून उपसणे वेगळे आणि आमच्या चिकणीतून उपसणे वेगळे. अश्वगंधेसाठी पुस्तके हलकी, रेताड किंवा तांबडी जमीन सांगतात. नीमच-मंदसौरचे यश पाहून ती काळ्या रानात लावणाऱ्याने आधी आपल्या शेतात कुदळ मारून पाहावी. मूळ अर्ध्यात तुटते.

माझा स्वतःचा कौल करडईला आहे. तेलाचे पीक म्हणून आपण तिला ओळखतो, पण तिच्या पाकळ्यांना चिनी वैद्यकात शतकानुशतके मान आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा ‘नारी-६’ वाण दिला आणि पाकळ्यांच्या काढ्याची, म्हणजे चहाची, वाटही दाखवली. पाकळ्या सुकू लागल्यावर गोळा केल्या तर दाण्याला धक्का लागत नाही. एकाच पिकातून तेलही आणि औषधही. करडई क्षार मध्यम प्रमाणात सोसते. तिचे सोटमूळ खोल जाते आणि खालचे पाणी ओढून घेते. अमेरिकेत मोंटाना राज्यात तर खारे पाणी झिरपून वर येणाऱ्या पट्ट्यांच्या वरच्या अंगाला ती मुद्दाम लावली जाते, भूजल खाली उतरावे म्हणून. आणि सोलापूर? कोरडवाहू संशोधन या शहरात १९३३ पासून चालू आहे, इथल्या केंद्राने दिलेल्या करडईच्या एका वाणाचे नावच ‘भीमा’ आहे. ज्या पिकाचे घर इथे आहे त्याला सोडून आम्ही शेकडो मैलांवरून कोरफडीचे मुनवे मागवतो आहोत.

दुसरा मान तुळशीचा. पंढरपुरात वर्षभर माळांना तुळस लागते, आषाढी-कार्तिकीला तर कितीही असली तरी कमीच. बाजार दारात आहे, दलालाची गरज नाही. भीमाकाठच्या खारवट रानांत ती कुठवर तगते, रोप किती दिवसांचे लावावे, कोणत्या पाण्यावर तिचे तेल टिकते, यावर आपल्या विद्यार्थ्याने एक प्रबंध केला तर तो कपाटात पडून राहणार नाही, वाचला जाईल.

रोप जगवण्याच्या साध्या युक्त्याही चाचणीत घ्याव्यात. बहुतेक झाडे उगवताना आणि कोवळी असताना सर्वांत हळवी असतात, म्हणून बी थेट पेरण्याऐवजी गोड्या पाण्यावर वाढवलेले, थोडे जून झालेले रोप लावणे. बी पेरायचेच तर कॅल्शियमच्या सौम्य द्रावणात भिजवून सावलीत सुकवून पेरणे. सरी-वरंब्यात क्षार चढतात ते वरंब्याच्या माथ्यावर, तेव्हा रोप माथ्यावर न लावता बगलेत लावणे. ठिबक असेल तर क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जमतात आणि पहिल्या पावसाने पुन्हा मुळांत उतरतात, म्हणून त्या पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवणे. हे ऐकले की शेजारी हसतात, “पाऊस पडतोय आणि हा पाणी सोडतोय!” विद्यापीठाच्या पत्रकात छापून आले तर हसणार नाहीत. पोटॅशची फवारणी, सिलिका, मुळांवरची उपयुक्त बुरशी, क्षार सोसणारे जिवाणू यांच्या बाटल्या दुकानात मिळतात आणि प्रत्येकीवर चमत्कार लिहिलेला असतो. त्यातले आमच्या मातीत काय चालते आणि काय नुसते रंगीत पाणी, हे कोणी तरी तटस्थपणे सांगायला हवे.

बाजाराबद्दल थोडेच लिहितो, कारण तो विषय लांबतो. सफेद मुसळीच्या लाटेत बियाणे विकणारे श्रीमंत झाले आणि मुसळी विकणारे गिऱ्हाईक शोधत राहिले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन वर्षांत दहा लाख हेक्टरवर वनौषधींची लागवड करण्यासाठी ४,००० कोटी रुपयांची घोषणा केली. घोषणेत हेक्टर होते. माती कोणती, हे नव्हते.

म्हणून मागण्या नेमक्या करतो. सोलापूरचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आणि मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र यांनी कालव्याखालच्या गावांत शेतकऱ्यांच्याच रानांवर चाचणीचे तुकडे घ्यावेत; क्षारयुक्त, चोपण आणि दोन्ही दोष असलेली, अशा तिन्ही प्रकारच्या जमिनीवर. राहुरीत औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम होते, ते तज्ज्ञ आणि मृदाशास्त्राचे तज्ज्ञ एकाच प्रकल्पात असावेत. सध्या एकाला झाड कळते आणि दुसऱ्याला माती. घटकांच्या तपासणीसाठी सोलापुरातले सेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आणि अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ यांना सोबत घेता येईल. करडई, शेपू, सोनामुखी, तुळस आणि वाळा यांपासून सुरुवात करावी. अहवालात एकरी वजन, औषधी घटकाचा टक्का, राखेचा आकडा आणि जड धातू या चारही गोष्टी असाव्यात, आणि जे पीक फसले त्याचे नावही मोठ्या अक्षरांत छापावे. फसलेल्या पिकाची यादी आम्हाला यशोगाथेपेक्षा जास्त उपयोगी आहे.

जमिनीची अडचण येणार नाही. माझ्या रानातला सीनेच्या बाजूचा सखल अर्धा एकर चाचणीसाठी देतो, आणि आमच्या शिवारात असे देणारे आणखीही आहेत. करडईची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी लागते. त्याआधी मळी किंवा गंधक मिसळून एक पावसाळा मिळायला हवा. तेव्हा मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने येत्या उन्हाळ्यातच घेतले पाहिजेत. नमुने घ्यायला माणूस पाठवावा, ही विनंती.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी
ता. मोहोळ, जि. सोलापूर